इसार देण्याआधी

श्टुटगार्ट

प्रिय दादा,
सा. न.

परवा फोनवर तू म्हणालास, "बँकेने कर्ज मंजूर केलंय म्हणजे घराचे कागद क्लिअरच असणार. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर पाच लाख इसार देऊन टाकू." मी तेव्हा गप्प बसले. मागून आबांचा आवाज येत होता, त्यांच्या उत्साहावर पाणी टाकवलं नाही. म्हणून आता लिहिते.

बँकेने आतापर्यंत पाहिलाय तो तुझा पगार आणि हप्ता फेडायची ऐपत. घराचे कागद बँकेचा वकील अजून तपासायचाय, आणि तपासेल तोही बँकेचे पैसे बुडू नयेत एवढ्यापुरतं. उद्या कुणी मालकीवर दावा ठोकला तरी तुझा हप्ता थांबत नाही. तेव्हा आपला वेगळा वकील लाव, मागच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासून दिलेला सर्च रिपोर्ट घे. त्याची फी वाचवू नकोस.

इथे जर्मनीत ऑफिसातल्या मैत्रिणीने फ्लॅट घेतला तेव्हा मी तिच्यासोबत नोटरीकडे गेले होते. नोटरी बाईंनी अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवला. इथे कायद्यानेच तसं करावं लागतं. आणि सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव आहे त्याच्याकडून सरळ मनाने खरेदी केली, तर घेणाऱ्याला कायदा सांभाळून घेतो. आपल्याकडे दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेतो, पण विकणारा खरा मालक आहे याची हमी देत नाही. ती खातरजमा घेणाऱ्याच्या गळ्यात.

आता त्या पिंप्राळ्याच्या रो-हाऊसबद्दल. तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला सातबारा मी मोठा करकरून पाहिला. दोन गोष्टी खटकल्या.

एक तर 'इतर हक्क' रकान्यात पतसंस्थेचा बोजा अजून तसाच आहे. मालक म्हणतात, वडिलांनी ते कर्ज कधीच फेडलं. फेडलं असेलही. मग पतसंस्थेचा बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला आणा आणि तलाठ्याकडून बोजा कमी करून घ्या, हे काम त्यांचं. तोवर आपण एक रुपया सोडायचा नाही.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. घर त्यांच्या वडिलांच्या नावावर होतं, मृत्युपत्र नाही, आणि वारसनोंदीत एकट्या मुलाचं नाव लागलंय. दोन बहिणी आहेत त्यांना, हे तूच सांगितलंस. वडील मृत्युपत्र न करता गेले की मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि आई हयात असेल तर तिचाही. फेरफाराला नाव नाही म्हणून तो वाटा बुडत नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. "बहिणींचं काही म्हणणं नाही" हे भावाने सांगून भागत नाही. (मी पण बहीणच आहे, तेव्हा एवढं बोलायला मला तोंड आहे.) एक तर त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर साठेखत (खरेदीआधीचा करार) आणि खरेदीखत दोन्हींवर त्यांच्या सह्या हव्यात. हजाराच्या स्टॅम्पवरचं नोटरी संमतीपत्र कुणी पुढे केलं तर हात जोडून परत कर.

पैशांचं थोडक्यात. घर ४२ लाखांचं. ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे जास्तीत जास्त ३३ लाख ६० हजार. स्टॅम्प ड्युटी आणि ३० हजार नोंदणी फी यांचे पैसे वेगळे, खिशातले. मालकांना दहा लाख रोख हवेत म्हणालास ना? साफ नाही म्हण. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला, म्हणजे मालकांना, तेवढाच दंड होऊ शकतो, आणि दस्तात ३२ लाख लिहिले की आपलं कर्जही त्याच हिशोबाने कमी होणार.

घर एकट्या वहिनीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत, म्हणजे ४२ हजार वाचतात. तुझं नाव जोडलं की सवलत गेली. उलट तू नुसता सहकर्जदार राहिलास तर व्याजाची वजावट तुला मिळणार नाही, कारण ती मालकालाच मिळते. पण नव्या करपद्धतीत राहत्या घराला ती वजावट तशीही नाही. माझं मत विचारशील तर वहिनीच्या नावावर घ्या. आबा कुरकुरतील, कुरकुरू देत.

व्याज फ्लोटिंगच (बदलत्या दराचं) घे. त्यात मुदतीआधी पैसे भरले तर बँकेला दंड लावता येत नाही, म्हणजे केळीचे पैसे आले की थेट मुद्दलात टाकता येतील. मूळ कागद बँकेत जमा करताना पोहोच आणि झेरॉक्स ठेव. आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (कागद बँकेकडे तारण ठेवल्याची सूचना) ३० दिवसांत नोंदवायची जबाबदारी कर्जदाराची असते, बँकेची नाही. बँकेतला माणूस "आम्ही बघू" म्हणाला तरी पावती मागून घे. कर्ज फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

मामांना जामीनदार करू नका. हप्ते थकले तर बँक आधी तुझ्याकडे न येता थेट त्यांच्याकडेही जाऊ शकते. त्यापेक्षा मला सहकर्जदार करा. म्युनिकच्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवते. ते तिथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर तिथला स्टॅम्प लावून घ्यावा लागतो, तेवढं विसरू नकोस.

आबांना मुहूर्त साधायचाच असेल तर एक कर. आखाजीला त्या दोघी बहिणी माहेरी येतीलच. आधी आपल्या वकिलाकडून साठेखताचा मसुदा तयार ठेव आणि त्या सासरी परतायच्या आत तिघांना एकत्र निबंधकांकडे ने. बोजा तोवर उतरला नसेल तर इसार नाही, आबांना मी फोन करून सांगते. मसुदा झाला की मला पाठव, सहीआधी मी वाचणार आहे.

आई-आबांना नमस्कार. वहिनीला म्हणावं, बिबडे पोचले, दोन तुटले.

तुझी,
नीतू