एबिरासारख्या भाषांचे काय?

महोदय,

प्राथमिक वर्गांत मातृभाषेतून शिकवण्याचे २०२२ चे धोरण नायजेरिया सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द करून इंग्रजीलाच पुन्हा माध्यम केले, त्यावरील लेख वाचला. लेखात हौसा, योरुबा आणि इग्बो या तीनच भाषांचा विचार आहे. खरी झळ बसेल ती एबिरासारख्या भाषांना.

नायजर आणि बेन्यूए नद्यांच्या संगमाजवळ, कोगी राज्यातील ओकेने परिसरात एबिरा बोलली जाते. तिचे भाषक दहा लाखांहून अधिक आहेत. या भाषेत नऊ स्वर आहेत, एका शब्दात कोणते स्वर एकत्र यावेत याचे नियम आहेत आणि उच्चारातला सूर बदलला की शब्दाचा अर्थही बदलतो. रोमन लिपीत स्वरांना अक्षरे पाचच. उरलेले स्वर आणि सूर कागदावर कसे उतरवायचे, हे मुलांना शिकवावेच लागते. बोलणे घरात येते. लिहिणे-वाचणे मात्र शाळेतच.

मातृभाषेतून शिकवलेल्या भागांत परीक्षांचे निकाल खालावले, असे शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. पण २०२२ नंतर पहिलीत बसलेले मूल शालान्त परीक्षेपर्यंत अद्याप पोचलेलेच नाही! मग त्या निकालांचे खापर या धोरणावर कसे फोडता येईल? पाठ्यपुस्तके आणि प्रशिक्षित शिक्षक देऊन, ही मुले मोठी होईपर्यंत सरकारने थांबायला हवे होते.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा