ग्लासगोहून बाबांना

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. बाबा, ज्या पोलिसांच्या कमरेला पिस्तूल नाही त्यांच्या भरवशावर मी रात्रपाळीहून एकटी कशी येते, असे तुम्ही विचारलेत. उभी नोकरी पोलीस खात्यात काढलेल्या माणसाला ही काळजी वाटणारच, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे शस्त्र फक्त खास प्रशिक्षित तुकड्यांकडे असते. गस्तीवरच्या शिपायाकडे दंडुका, बेड्या आणि, याचे तुम्हाला नवल वाटेल, नाकात फवारायचे औषध असते. हेरॉइनच्या अतिसेवनाने रस्त्यावर कोणाचा श्वास मंदावला, तर शिपाई ते त्याच्या नाकात मारतो, त्याला कुशीवर वळवतो आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जवळ थांबतो. नशेचे बळी इथे फार, म्हणून चौकशी मागाहून आणि जीव आधी.

1 एप्रिल 2013 रोजी आठ प्रादेशिक दले विलीन करून ‘पोलीस स्कॉटलंड’ हे एकच दल उभे केले, त्यात खर्च वाचवण्याचा हेतू मोठा होता. पुढची दहा वर्षे सोपी गेली नाहीत. जुलै 2015 मध्ये महामार्गालगत अपघात झालेल्या गाडीची खबर फोनवर मिळूनही तिची नोंदच झाली नाही. गाडी तीन दिवसांनी सापडली आणि आतल्या दोघांचेही प्राण गेले. 2021 मध्ये न्यायालयाने दलाला एक लाख पौंडांचा दंड केला. मे 2023 मध्ये तर पोलीसप्रमुख इयन लिव्हिंगस्टन यांनीच आपल्या दलात संस्थात्मक, म्हणजे कारभारातच मुरलेला, वंशभेद असल्याचे जाहीरपणे मान्य केले. आई, हे वाचून घाबरू नकोस. दोष उघड कबूल करणारा अधिकारी मला अधिक भरवशाचा वाटतो.

आमच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात मनाने खचलेल्या रुग्णाजवळ दोन शिपाई कित्येकदा तासन्‌तास बसलेले असतात, वॉकीटॉकीचा आवाज बारीक करून, टोपी मांडीवर ठेवून. मनुष्यबळ अपुरे, त्यात हे काम त्यांच्याच गळ्यात पडते. त्यांना पाहिले की बाबा, तुमच्या बंदोबस्ताच्या रात्री आठवतात.

दादाच्या लग्नासाठी पैसे पाठवले आहेत. रजा साखरपुड्याला मिळाली नाही, लग्नाची मात्र नक्की मिळेल. साताऱ्याच्या स्थळाला माझा नकार नाही, पण त्यांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. बंदोबस्तात उभे राहून झिजलेला गुडघा, बाबा, आता तरी डॉक्टरांना दाखवा. मी तिथे असते तर हाताला धरून नेले असते. खर्चाचा विचार करू नका.

तुमची,
मनू