तुझा विषय आणि माझा

पुणे, रविवार

प्रिय मंजे,

दिवाळीनंतर आज लिहितेय. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच सुरू होतेस आणि मुद्दा राहून जातो. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. आईची साखर आटोक्यात.

झालंय असं, की यंदा अकरावी कलाच्या विषयतक्त्यात तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र एकाच चौकटीत टाकलेत. दोन्हींपैकी एकच घ्यायचं. आजवर माझ्या तर्कशास्त्रासमोर भूगोल असायचा. ज्याला नकाशे आवडायचे तो तिकडे जायचा, उरलेली माझ्याकडे यायची, आणि त्यातली बरीचशी मानसशास्त्रही घ्यायची. ती जोडीच यंदा तोडली. कारण विचारलं तर म्हणे, वेळापत्रकात एक खोली मोकळी होते. एका खोलीसाठी, मंजे! हे मी घरात कुणाला सांगू? ‘दुसरा विषय शिकव,’ एवढंच म्हणतील. तू दोन्हीकडची आहेस, शिकलीस माझ्याबरोबर, शिकवतेस मानसशास्त्र, म्हणून तुला लिहितेय.

मुलांना हा विषय नकोय, असं मला कुणी सांगू नये. त्यांना तो निवडायला मिळतच नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. मुलं शाखा आणि कॉलेजं भरतात, दहापर्यंत पसंती देतात, नंबर लागतो. विषयांचं मात्र आमच्याकडे ऑफिसच्या खिडकीवर ठरतं, तेही मागे रांग उभी असताना. बुधवारी मी तिथेच होते. पौडकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. फॉर्म भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. तिनं विचारलं, “तर्कशास्त्रात काय असतं?” आतून उत्तर आलं, “गणितासारखंच असतं ते. सायकॉलॉजी घे, स्कोरिंग आहे.” गणित हा शब्द ऐकल्यावर तिचा चेहरा बघायला हवा होतास. मी “अगं, आकडेमोड नसते त्यात” म्हणेपर्यंत टिक झाली, वडिलांनी सही केली, फॉर्म आत गेला. दोन वर्षांचा निर्णय तो! तिला कुणी हेही सांगितलं नाही, की तीन विधानं असली तर सत्यता कोष्टकात, म्हणजे खऱ्या-खोट्याच्या सगळ्या शक्यता मांडतो त्या तक्त्यात, आठ ओळी येतात आणि त्या ओळी मांडायला पाढेही लागत नाहीत.

आता तू म्हणणार, “वसू, चिन्हं मांडून कुणी शहाणं होत नाही.” एम.ए.ला असताना विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर हेच म्हणाली होतीस आणि आपला आठवडाभर अबोला होता. तेव्हाही तुझं चुकलं होतं, आजही चुकतंय. गेल्या वर्षीचा वर्ग सांगते. मी फळ्यावर लिहिलं: पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणून पाऊस पडला. सगळा वर्ग ‘बरोबर’ म्हणाला. मागच्या बाकावरचा एकजण, जो कधी तोंड उघडत नाही, म्हणाला, “मॅडम, टँकर गळत गेला असेल.” उन्हाळाभर त्याच्या सोसायटीत रोज टँकर होता! पुढचा सगळा तास मुलं घरादारातले असे युक्तिवाद शोधत बसली. बाबा म्हणतात अभ्यास केला तर मार्क मिळतात, मार्क मिळाले नाहीत, म्हणजे अभ्यास केला नाही. हा वैध की अवैध, म्हणजे निष्कर्ष निघतो की नाही? अवैध म्हणायला सगळ्यांनी हात वर केले. तेव्हा तोच मागचा मुलगा उठला. “मॅडम, बाबांचं पहिलं वाक्य खरं धरलं तर निष्कर्ष निघतोच. चूक असली तर पहिल्याच वाक्यात आहे.” मंजे, फेब्रुवारीत कागदावर जे शिकवायचं, ते पोरानं जुलैत उभं राहून सांगितलं. युक्तिवाद वैध असूनही त्यातलं विधान खोटं असू शकतं, हे सोळाव्या वर्षी ज्याला कळलं त्याला पुढे कुणी सहज फसवेल का?

हे तुझ्या मानसशास्त्राविरुद्ध नाही. मुलांना स्वतःच्या मनाबद्दल कुतूहल असतं, ते असायलाच हवं, आणि तू ते किती जीव ओतून शिकवतेस हे मला माहीत आहे. (एम.ए. माझ्याबरोबर करून मग तिकडे गेलीस, त्याचा राग गेलाय. बराचसा.) पण दोघींना एकाच चौकटीत उभं करून भांडायला लावणं मला मान्य नाही.

पुढचं गणित तुला सांगायला नको. पट घसरला की कार्यभार कमी, पटावरून पदं ठरवतात त्या संच मान्यतेत पद अर्धवेळ, नाहीतर मी अतिरिक्त आणि मग समायोजन, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात रवानगी, कुठे होईल ते देव जाणे. त्याची भीती वाटतेच. पण झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीनं. बंद पडलेला विषय परत कुणी उघडत नाही. सायन्सवाल्यांचा विभाग म्हणजे तीन प्रयोगशाळा, आमचा म्हणजे जिन्याखालचं एक कपाट. त्यात वाडेकरांच्या तत्त्वज्ञान महाकोशाचे तिन्ही खंड आहेत, १९७४ चे, आमच्या जुन्या सरांनी निवृत्तीच्या दिवशी माझ्या हातात दिलेले. परवा शिपाई विचारत होता, “मॅडम, कपाट रिकामं कधी करताय? कॅरमचं सामान ठेवायचंय.”

मराठीच्या बाईंचीही तीच गत. मराठी सक्तीची दहावीपर्यंत, अकरावीत तिच्या जागी आयटी घेता येतं आणि मार्कांसाठी मुलं घेतात. कॉमर्सला गणित नको म्हणून एस.पी. (चिटणिसाची कार्यपद्धती) घेतात. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की कला, विज्ञान, वाणिज्य यांच्यातल्या भिंती पाडा, मुलाला हवे ते विषय घेऊ द्या. मला ते मनापासून पटतं. म्हणूनच ही एक चौकट इतकी लागतेय.

शनिवारी बैठक आहे. मी दोन गोष्टी मागणार आहे. तर्कशास्त्र परत भूगोलासमोर ठेवा, आणि पहिले पंधरा दिवस मुलांना सगळ्या विषयांच्या तासांना बसू द्या, टिक नंतर करू दे. पण मी बोलले की ‘स्वतःच्या पदासाठी बोलतेय’ असंच वाटणार. तेच तुझ्यासारख्या मानसशास्त्राच्या विभागप्रमुख बाईंनी लिहून दिलं तर वजन पडेल. तुमच्या नाशिकला दोन्ही विषय वेगळ्या चौकटीत आहेत ना? तुमच्या तक्त्याचा फोटो पाठव, आणि एक पानभर लिही, की तर्कशास्त्र घेतलेली मुलं तुझ्या वर्गात प्रयोगाचे निष्कर्ष कसे तपासतात. हे तू स्वतःच मला मागे एकदा सांगितलं होतंस, आता नाही म्हणू नकोस. नाव, हुद्दा, सही हवी.

ओंकारचं ठरलं, कुंदाकडून कळलं. फार आनंद झाला! मुलगी काय करते? तारीख लवकर कळव, रजा टाकावी लागेल. प्रकाशरावांच्या डोळ्याचं झालं का? घराचं काम संपलं असेल अशी आशा.

शुक्रवारपर्यंत मिळायला हवं, म्हणजे शनिवारी सकाळी प्रिंट काढता येईल. फोटो आजच पाठवलास तरी चालेल.

तुझी,
वसू