फवारणीच्या बाटलीवर घटकाचे नाव मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा

महोदय,

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पहिल्या फवारणीचे दिवस आले की विदर्भातल्या कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर नुसती नावे ऐकू येतात. ‘भाऊ, कॉन्फिडॉर द्या’, ‘मोनो आहे का?’, ‘सोयाबीनमधलं राउंडअप पाहिजे’, ‘मागच्या खेपेचं ते लाल झाकणाचंच द्या’. आत कोणता घटक आहे आणि तो किती टक्के आहे, हे विचारणारा क्वचितच भेटतो. त्याचा दोष शेतकऱ्याला देता येत नाही. बाटली हातात घेऊन पाहा. समोर ठसठशीत रंगीत अक्षरांत कंपनीने ठेवलेले नाव, बाजूला टपोऱ्या बोंडाचे चित्र. घटकाचे नाव त्याखाली बारीक इंग्रजीत. मराठी मजकूर खोक्यातल्या घडीच्या पत्रकात, तोही चष्मा लावून वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत. बाटलीवर आणि बिलावर घटकाचे नाव मराठीत, कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिणे सक्तीचे व्हावे, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे.

खेड्यात माल बाजारातून उठतो, पण त्याचे नाव मागे राहते. एंड्रिन बाजारातून जाऊन कित्येक वर्षे झाली, तरी कोणत्याही विषाला ‘एंड्रिन’ म्हणणारी माणसे अजून गावोगाव आहेत. थिमेट म्हणजे फोरेट आणि नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस, या दोन्हींवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. ज्याला सगळे ‘मोनो’ म्हणतात त्या मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रवावर (३६ एसएल) केंद्राने २०२३ मध्ये बंदीची अधिसूचना काढली. तरीही मागणी होते ती याच नावांनी. नावच मागायची सवय पडली की त्या नावाखाली हातात काय पडले, ते कळायला मार्ग उरत नाही.

आता मात्रेचे पाहू. इमिडाक्लोप्रिड हा एकच घटक १७.८ टक्के एसएल या द्रवरूपात येतो आणि ७० टक्के डब्ल्यूजी या दाणेदार रूपातही येतो. कपाशीवर पहिल्याची शिफारस हेक्टरी १०० ते १२५ मिलि आहे, दुसऱ्याची ३० ते ३५ ग्रॅम. हेक्टरी ५०० लिटर पाणी धरले तर १५ लिटरच्या पंपाला पहिले तीन ते पावणेचार मिलि पडते आणि दुसरे जेमतेम एक ग्रॅम. दोघांच्या तीव्रतेत जवळजवळ चौपट फरक आहे. नावे वेगळी असल्यामुळे हा एकाच घटकाचा तेज प्रकार आहे हे लक्षात येत नाही, आणि हात जुन्याच मापाने चालतो. त्यातून झाकणाने मोजायची पद्धत. झाकण काही माप नव्हे, प्रत्येक कंपनीचे झाकण वेगळे असते. पाच-दहा मिलिच्या खुणा असलेला मोजपेला आणि ग्रॅमचा छोटा काटा, या दोन वस्तू प्रत्येक फवारणीवाल्याकडे असायलाच हव्यात.

याहून मोठे नुकसान होते ते ‘औषध बदलून मारले’ या समजुतीने. पानांचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांसाठी आधी कॉन्फिडॉर, पंधरा दिवसांनी मानिक, मग ॲक्टारा. बाटल्या तीन, नावे तीन, घटकही तीन: इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड, थायमेथोक्झाम. पण तिन्ही निओनिकोटिनॉइड आहेत, म्हणजे किडीवर एकाच ठिकाणी आणि एकाच तऱ्हेने काम करणारी. कीटकनाशकांच्या जागतिक वर्गीकरणात तिघांचा गट एकच, ४ए. त्यात बीटी बियाण्याचे पाकीट बहुधा इमिडाक्लोप्रिडची प्रक्रिया होऊनच येते, म्हणजे या गटाचा पहिला डोस पेरणीलाच पडलेला असतो. सलग चौथ्या वेळी त्याच गटाचा मारा झाला की तुडतुडे दाद देत नाहीत, पानांच्या कडा वळतात, लालसर होतात, आणि मग दोन-तीन बाटल्या एकत्र ओतायची वेळ येते. रसशोषक किडींवरच्याच फ्लोनिकामिड या घटकाचा गट मात्र २९, डायफेन्थियुरॉनचा १२ए. खरा बदल गट बदलल्यावर होतो. हा गट क्रमांक बाटलीच्या दर्शनी भागावर मोठ्या आकड्यात असेल, तर आकडे ओळखणाऱ्या कोणालाही तो जुळवून पाहता येईल.

मिश्र औषधांचेही तसेच. प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के हे जोडऔषध निरनिराळ्या नावांनी मिळते. ते घेतलेला शेतकरी ‘अळीसाठी अजून एक’ म्हणून नुसत्या प्रोफेनोफॉसची ५० टक्क्यांची बाटली सोबत नेतो आणि एकाच पंपात तोच घटक दोनदा पडतो. पीक करपते, खर्च दुप्पट होतो, आणि सगळ्यांत जास्त सोसतो तो फवारणारा मजूर.

तणनाशकात तर नावाची चूक अख्खे वावर घेऊन जाते. ‘राउंडअप’ हे आपल्याकडे सगळ्याच तणनाशकांचे नाव होऊन बसले आहे. प्रत्यक्षात ते ग्लायफोसेट आहे आणि ते हिरवे दिसेल त्यावर चालते, तण आणि पीक असा भेद करत नाही. उभ्या सोयाबीनमध्ये चालतात ती इमाझेथापायर १० टक्के किंवा क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के यांसारखी निवडक तणनाशके. त्यातही क्विझालोफॉप फक्त गवतवर्गीय तणांवर काम करते, रुंद पानांच्या तणांवर नाही. ‘सोयाबीनमधलं राउंडअप’ या मागणीचा अर्थ काउंटरवरच्या नवख्या पोराने शब्दशः घेतला, तर काय होईल ते सांगायला नको.

टू-फोर-डी हे तणनाशक म्हणजे त्याहून लपून राहणारा प्रकार आहे. हा घटक अनेक नावांनी विकला जातो आणि कपाशी त्याला विलक्षण नाजूक आहे. धुऱ्यावर (बांधावर) किंवा शेजारच्या पिकात ते मारले, पंप नुसता पाण्याने विसळला आणि दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीवर चालवला, एवढे पुरते. आठ-दहा दिवसांत नवी पाने भेंडीच्या पानांसारखी अरुंद, बोटे फुटल्यागत लांबुळकी येतात, शिरा एकमेकींना समांतर होऊन वर उठतात, पात्या म्हणजे फुलांच्या कळ्या गळतात. वाऱ्याने उडालेल्या तुषारानेही हेच होते. मग बियाणे बोगस निघाले म्हणून तक्रारी होतात आणि खरे कारण बाजूलाच राहते. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा. ते शक्य नसेल तर टाकी, नळी, गाळणी आणि नोझल सुटे करून धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आधी धुवावे आणि मग साध्या पाण्याने निदान तीनदा. पण आपण टू-फोर-डी मारले हेच ज्याला ठाऊक नाही, तो ही काळजी घेणार कशी?

जिवाचा प्रश्न येतो तो दवाखान्यात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विषबाधा झालेल्याला ग्रामीण रुग्णालयात नेले की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘काय फवारलं?’ उत्तर मिळते ते कंपनीचे नाव, नाहीतर बाटलीचा रंग. प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट या एकाच वर्गातली कीटकनाशके आहेत. त्यांच्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, स्नायू फडफडतात. उतारा म्हणून ॲट्रोपिन आणि प्रालिडॉक्झिम देतात. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड वर्गातल्या कीटकनाशकाला खास उतारा नाही, तिथे लक्षणांप्रमाणे उपचार होतो. पॅराक्वाट या तणनाशकालाही उतारा नाही, आणि त्या रुग्णाला गरज नसताना ऑक्सिजन दिल्यास फुप्फुसांची हानी उलट वाढते. घटकाप्रमाणे उपचार इतके बदलतात. म्हणून रुग्णासोबत रिकामी बाटली आणि आतले पत्रक न्यावेच. घटक कळला नाही तर दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राला १८००-११६-११७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.

कायदा बदलेपर्यंत दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली, कंपनीच्या नावाखालची घटक आणि टक्क्यांची ओळ. मोबाइलने फोटो काढून मोठा केला की ती वाचता येते. दुसरी, चौकटीतला रंग: लाल अतितीव्र विषारी, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. हिरवा असला तरी हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच. तिसरी, ‘सीआयआर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. ‘अळी साफ’ असा दावा करणाऱ्या बाटलीवर ना रंगाची चौकट, ना हा क्रमांक, असे असेल तर ती परत करावी, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

अशी सक्ती आपल्या देशाला नवी नाही. माणसांच्या औषधांसाठी २०१८ मध्ये नियम बदलला आणि काही संयुक्त औषधे सोडता मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा अक्षराच्या दोन आकारांनी मोठे छापणे बंधनकारक झाले. खतांच्या बाबतीत २०२२ पासून सगळ्या कंपन्यांची अनुदानित पिशवी ‘भारत युरिया’, ‘भारत डीएपी’ अशीच येते. पिशवीचा दोन तृतीयांश भाग या नावाचा आणि कंपनीला उरलेला एक तृतीयांश. खतात तर आपला शेतकरी आधीपासून घटकांच्या टक्क्यांच्याच भाषेत बोलतो. ‘दहा-सव्वीस-सव्वीस’ आणि ‘वीस-वीस-शून्य-तेरा’ मागणारा माणूस ‘इमिडाक्लोप्रिड सतरा पॉइंट आठ’ म्हणू शकणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. त्याला ते नाव मराठीत नीट दाखवले पाहिजे, एवढेच. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या शिफारशी घटकाच्या नावाने देतात. दुकानातले कप्पे मात्र कंपन्यांच्या नावाने लागलेले. सल्ला आणि बाटली यांची गाठ शेतकऱ्याच्या हातात पडतच नाही.

लेबलचा नियम केंद्राच्या अखत्यारीत आहे. तो १९७१ च्या कीटकनाशक नियमांत दुरुस्ती करून बदलावा लागेल आणि त्यासाठी विदर्भातल्या खासदारांनी आवाज उठवावा. पण राज्याच्या कृषी विभागाने तोवर थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक पक्क्या बिलावर घटक, टक्केवारी आणि बॅच क्रमांक मराठीत लिहिण्याचा आग्रह तपासणीच्या वेळी धरावा. प्रत्येक कृषी सेवा केंद्रात काउंटरच्या वर एक फलक लावायला सांगावा: डावीकडे विद्यापीठाने शिफारस केलेले घटक आणि त्यांचे गट क्रमांक, मधल्या रकान्यात १५ लिटरच्या पंपाचे प्रमाण, उजवीकडे त्या दुकानात ते घटक कोणत्या नावांनी मिळतात ती यादी. फलकाचा खर्च किरकोळ आहे. पऱ्हाटी गुडघ्याला लागण्याआधी तो लागायला हवा.

— एक कृषी सेवा केंद्रचालक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ