तू खरंच सांगत होतास

बाळा,

आज टाके काढल्यावर तू विचारलंस, "कॅन्सर नव्हता, मग ऑपरेशनची एवढी घाई का केली?" तेव्हा माझा गळा दाटून आला, नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहितेय.

तुझ्या डोक्यात कोलॉइड सिस्ट होती. घट्ट जेलीसारख्या द्रवाने भरलेली छोटी पिशवी. ती शरीरात पसरत नाही. बहुतेकांना २० ते ५० वयात कळते, तुझ्याएवढ्या मुलांत फार क्वचित. पण तिची जागा वाईट. मेंदूच्या पोकळ्यांत सतत नवं पाणी तयार होतं, मोठ्या माणसात दिवसाला साधारण ५०० मिली. दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांतून तिसरीत उतरायची वाट अगदी अरुंद, आणि तुझी गाठ त्या तोंडाशीच बसली होती. वाट तुंबली की पाणी मागे साचतं, दाब वाढतो. अचानक वाढला तर काही तासांत जिवावर बेततं.

ऑपरेशन चालू असताना बाहेर बसून मी वाचत होते. अशी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली ती वॉल्टर डँडी यांनी, १९२१ मध्ये. तेव्हा एमआरआयसुद्धा नव्हता! तुझी दुर्बिणीने काढली, कपाळाच्या वर, केसांतल्या छोट्या छिद्रातून. तिला लागूनच आठवणींचे तंतू जातात, म्हणून काही दिवस विसरायला होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तू शुद्धीवर आलास आणि मी घाबरत घाबरत सायकलच्या कुलपाचा नंबर विचारला. चारही आकडे बरोबर सांगितलेस. मग मला रडू आवरेना.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तीन महिने तू सांगत होतास, डोकं दुखतंय. मी म्हणाले, अभ्यासाला बसलं की बरं दुखतं. सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची, ते आम्ही पित्तावर ढकललं. एकदा बुटाची नाडी बांधायला वाकलास आणि दोन्ही हातांनी डोकं धरून तसाच बसून राहिलास. मी घड्याळाकडे बघत म्हणाले, "चल, उशीर होतोय."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेही चष्म्यासाठी. त्यांनी थेंब टाकून आत उजेड पाडला, एकदा पाहिलं, परत पाहिलं आणि मला विचारलं, "याचं डोकं कधीपासून दुखतंय?" डोळ्यामागची नस सुजली होती. इतके दिवस तू जे सांगत होतास, ते त्यांनी क्षणात ओळखलं. मी तुझं ऐकलं नाही. चुकलं माझं, बाळा.

आता काही वर्षं मधूनमधून एमआरआय करत राहायचं, पुन्हा तिथे काही धरत नाही ना ते बघायला. तो आवाज तुला आवडत नाही, मी शेजारी बसेन. आणि कधीही डोकं दुखलं, अगदी सर्दीने दुखलं तरी, मला सांग. मंगळवारी तू कपाळ दाबत बसला होतास आणि मी खोलीत आले तसा पटकन हात खाली घेतलास. मी पाहिलं ते. माझ्यासमोर तो हात खाली घेऊ नकोस.

तुझी,
आई