जोड लावायची तर साल सांग

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय पिंट्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मध्ये गॅसवरचं दूध बघायला उठावं लागलं, पण मुद्दा कळला. बॉक्सिंगमधला मुहम्मद अली लॅरी होम्सकडून हरला, होम्सला माइक टायसननं लोळवलं, म्हणजे टायसन अलीचा बाप. फोनवर तू मध्ये तोंड उघडू देत नाहीस, म्हणून सरळ कागद-पेन घेऊन बसलोय. आता सगळं वाचून होईस्तोवर तुला गप्पच बसावं लागणार.

आधी तुझी साखळी तोडतो. १९८० च्या ऑक्टोबरात होम्सपुढं उभा राहिलेला अली ३८ वर्षांचा होता. पाय गेलेले, हात उचलेनात, दहाव्या फेरीनंतर त्याच्याच माणसांनी लढत थांबवली. आणि १९८८ च्या जानेवारीत टायसननं चौथ्या फेरीत आडवा केला तो होम्स? तोही ३८ चाच, वर पावणेदोन वर्षं घरी बसून आलेला. म्हणजे तुझ्या साखळीच्या दोन्ही कड्यांत एक तरणा आणि एक उतरलेला गडी. यातून तरणा माणूस थकलेल्याला मारतो एवढंच सिद्ध होतं, आणि ते कळायला बॉक्सिंग बघावं लागत नाही.

हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात जड गटाचा, इतिहास बघशील तर सगळा असाच आहे, लेका. जॅक जॉन्सननं १९१० साली रीनोत जेफ्रीजला हरवलं, तेव्हा जेफ्रीज सहाएक वर्षं लढलाच नव्हता. विलार्डनं १९१५ ला हवानात जॉन्सनला पाडलं तेव्हा जॉन्सन ३७ चा. १९१९ ला डेम्प्सीनं विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली घातलं, तेव्हा विलार्डही ३७ चा. मार्सियानोनं १९५१ ला जो लुईसला दोरांबाहेर फेकलं, तो लुईससुद्धा ३७ चाच! जुन्याला नव्यानं हरवलं ते कायम असंच. म्हणून कोण कुणाकडून हरला हे मला सांगू नकोस. कोणत्या सालचा कोण, ते सांग.

आणि साल नुसतं माणसाचं नाही, नियमांचंही. आपल्या खासबागेचं बघ की. शाहू महाराजांनी १९१२ ला मैदान बांधलं तेव्हापासून तिथल्या मातीत निकाली कुस्तीची आपल्याला सवय. चितपट होईपर्यंत कोण जिंकलं म्हणायची सोय नाही. आज मॅटवर सहा मिनिटं आणि गुण. श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर या जुन्या मल्लांपुढं आजचा पोरगा उभा करायचा म्हटलं की तालमीत पहिला प्रश्न हाच येतो, माती की मॅट? तिथं तू सगळ्यात मोठ्यानं ओरडतोस. मग बॉक्सिंगला वेगळा न्याय का?

जॉन्सन-विलार्ड लढत ४५ फेऱ्यांची ठरलेली होती, २६ व्या फेरीत संपली. पुढं १५ फेऱ्यांचा रिवाज पडला. १९८२ च्या नोव्हेंबरात किम डुक-कू हा कोरियन लाइटवेट लास वेगासमध्ये चौदाव्या फेरीत पडला आणि चार दिवसांत गेला. त्यानंतर एकेका संघटनेनं १२ वर आणलं. आता हे १२ जुन्या लढतींना लावून बघ. १९४१ साली बिली कॉन बाराव्या फेरीअखेर लुईसच्या पुढं होता, दोन पंचांकडं आघाडी आणि तिसऱ्याकडं बरोबरी. तेराव्यात मात्र सांभाळून खेळायचं सोडून लुईसला पाडायला गेला आणि स्वतःच पडला. १९५२ ला मार्सियानो तिन्ही पंचांकडं वॉलकॉटच्या मागं होता, आणि तेराव्याच फेरीत दोराजवळ त्याचा तो आखूड उजवा बसला. वॉलकॉट गुडघ्यावर गेला, एक हात दोरात अडकलेला, तसाच घसरत खाली. आजच्या नियमांनी कॉन विजेता, वॉलकॉटची चॅम्पियनची गादी शाबूत, आणि तुझ्या थोरल्या भावाचं ते लाडकं, मार्सियानोनं '४९ पैकी ४९' लढती जिंकल्याचं, कधी झालंच नसतं. त्याला हे वाचून दाखव. लांबूनच दाखव.

उलटंही होतं हं. १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फ्रेझरच्या डाव्या हुकानं, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं, अली पाठीवर पडला ती पंधरावी फेरी होती. आज ती फेरीच नाही, म्हणजे अली तिथं पडलाच नसता.

हा वाद यंत्रावर टाकून सोडवायचा प्रकारही होऊन गेलाय, तुला माहीत नसेल. १९६७ ला मरे वोरोनर नावाच्या अमेरिकन रेडिओवाल्यानं जुन्या-नव्या चॅम्पियनची माहिती कॉम्प्युटरला घातली आणि रेडिओवर काल्पनिक स्पर्धाच लावली. त्यात अलीला जेफ्रीजकडून हरवलं! अली तेव्हा व्हिएतनामला जायला नकार दिल्यामुळं बंदीत होता, रिंगचा दरवाजा बंद, हातात पैसा नाही. त्यानं दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोड अशी निघाली की अलीनं मार्सियानोबरोबर कॅमेऱ्यासमोर लढायचं आणि शेवट कॉम्प्युटरनं ठरवायचा. ४५ वर्षांच्या मार्सियानोनं त्यासाठी पोट उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. दोघांनी एकेका मिनिटाच्या फेऱ्या खेळल्या, शेवट वेगवेगळे करून ठेवले. १९७० च्या जानेवारीत पडद्यावर आलं, मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. बघायला तो नव्हता, ऑगस्टमध्येच विमान अपघातात गेला होता. मला यात कॉम्प्युटरचं कौतुक मुळीच नाही. त्याला दिलेली माहिती माणसांच्याच मतांची, मग त्यातून माणसांचीच मतं बाहेर येणार. पण बंदीतला, बदनाम केलेला अली आणि न हरलेला गोरा चॅम्पियन अशी जोड त्या साली लावली की निकाल कुठं झुकणार हे कळायला वस्ताद लागत नाही.

आता अंगापिंडाकडं येतो, कारण खरा फरक तिथं पडलाय. डेम्प्सी नि मार्सियानो ८५ किलोच्या आसपास, लुईस ऐन भरात ९० चा. आज हेवीवेटखालच्या क्रूझरवेट गटाची मर्यादाच ९०.७ किलो आहे, म्हणजे हे तिघं आज हेवीवेट म्हणून मोजलेच गेले नसते. तू म्हणशील, डेम्प्सीनं १११ किलोच्या विलार्डला लोळवलं, लुईसनं ११८ किलोच्या कार्नेराला सहाव्या फेरीत झोपवलं. झोपवलं की. पण विलार्डनं गादी मिळाल्यावर चार वर्षांत ती एकदाच पणाला लावली होती, आणि तेव्हा पडलेल्या माणसाच्या डोक्यावर उभं राहून तो उठता उठता पुन्हा हाणायची मुभा होती. कार्नेरा तर नुसताच थोराड. पूर्वीही थोराड माणसं होती. थोराड आणि वर जाणकार, अशी मागच्या तीसेक वर्षांतली. लेनॉक्स लुईस, व्लादिमिर क्लिचको, फ्युरी. यातल्या पहिल्या दोघांना इमॅन्युएल स्ट्युअर्डनं शिकवलं. लांब जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकायचा, समोरचा आत शिरला की धरायचा, आणि धरला की त्याच्यावर रेलायचं.

ते रेलणं काय असतं हे मला आपल्या तालमीतल्या वस्तादांनी दाखवलं. कट्ट्यावर त्यांना मोबाइलवर क्लिचको-पोवेत्किन दाखवत होतो, २०१३ ची मॉस्कोतली. पोवेत्किन ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता, साधा माणूस नव्हे, पण बाराच्या बारा फेऱ्या क्लिचको त्याच्या मानेवर लोंबकळतोय. वस्तादांनी थोडा वेळ बघितलं, मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि उठून माझ्या मानेवर तळवा ठेवला. दाबला नाही. फक्त टाचा किंचित उचलून छातीचा भार हातावर सोडला. माझे गुडघे आपोआप वाकायला लागले, श्वास वरच्या वर राहिला, आणि म्हातारा आरामात बोलत होता, "ह्यो कुस्तीच खेळतोय की. पंच झोपलाय व्हय?" सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा तो भार. ११० किलोच्या माणसाचा अर्धा तास सोसायचा म्हणजे मार्सियानोचे ते आडवेतिडवे ठोसे सहाव्या फेरीपर्यंतच संपले असते. माझं मत पक्कं आहे, लेनॉक्स लुईसपुढं मार्सियानोचा निभाव नाही. धाडसाचा प्रश्नच नाही, हात पोचायला हवा.

पण म्हणून अलीही लहान, असं मात्र म्हणू नकोस. युक्रेनच्या उसिकनं तो वाद मिटवला. २०२४ च्या मे महिन्यात रियाधमध्ये १०१ किलोच्या उसिकनं ११९ किलोच्या फ्युरीला हरवलं, डिसेंबरात फ्युरी १२७ किलोचा होऊन आला तरी पुन्हा हरवलं. उसिक सहा फूट तीन इंच. अलीही तेवढाच, आणि १९७४ ला फोरमनला किन्शासात पाडला तेव्हा ९८ किलोचा. पाय चालत असतील तर एवढं अंग आजही पुरतं.

फोरमनवरून आठवलं, जुनी माणसं हळू होती म्हणणाऱ्यांना त्याचंच नाव सांगत जा. १९९१ ला ४२ व्या वर्षी होलीफील्डपुढं बाराही फेऱ्या उभा, आणि ४५ व्या वर्षी, १९९४ ला, मूररला दहाव्या फेरीत पाडून पुन्हा चॅम्पियन. होम्सही ४२ व्या वर्षी होलीफील्डशी पूर्ण बारा फेऱ्या खेळला. ज्या दोघांचं पाणी अलीनं जवळून बघितलं होतं ते इतक्या वर्षांनी असे होते. (फोरमन आणि अलीकडचा जोरदार ठोशांचा वाइल्डर, अशी जोड लावू का? नको, तिकिटाचे पैसे वाया. पाच मिनिटांत कुणीतरी झोपणार.)

तर मी लावतो ती जोड अशी. १९६६ च्या नोव्हेंबरातला अली, ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा. समोर १९८८ च्या जूनमधला टायसन, स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा. १५ फेऱ्या. पहिल्या चार टायसनच्या, हे लिहून देतो. अली हात खाली ठेवून मागं रेलायचा आणि डावा हूक त्याला दिसायचाच नाही. १९६३ ला हेन्री कूपरनं त्यानंच पाडला, फ्रेझरनंही त्यानंच. टायसनचा हूक कूपरच्या वरचा. अली एकदा पडेल. पण तो दोन्ही वेळा उठला होता. पाचव्यापासून जॅब सुरू होईल, आणि टायसन आत शिरला की अली डावा हात त्याच्या मानेमागं घालून खाली खेचणार. १९७४ ला फ्रेझरवर रात्रभर तेच केलं, पंचानं बघून न बघितल्यासारखं केलं. टायसनला असं धरलं की पुढं काय करायचं सुचत नव्हतं. १९८७ ला बोनक्रशर स्मिथ बारा फेऱ्या मिठी मारून जिवंत राहिला. टोकियोत बस्टर डग्लस आठव्या फेरीत पडून उठला, जॅब चालूच ठेवला, दहाव्यात टायसन मॅटवर रांगत दातांचं कवच शोधत होता. 'टोकियोतला टायसन खरा नव्हता' म्हणशील ना? मग होम्सपुढचा अली खरा होता का रे? तेराव्याच्या आसपास पंच मध्ये पडेल, अली जिंकेल.

त्या अलीला १९६७ ला पंचविसाव्या वर्षी घरी बसवलं, साडेतीन वर्षं. त्या सालांतला तो कसा असता याचा राग मला अजून येतो, आणि तू १९८० चा म्हातारा घेऊन हिशोब मांडतोस.

गणपतीत येणार म्हणालास, चार दिवस जास्त काढून ये. वहिनींना नमस्कार, पोराला सांग काकानं हँडरॅप आणून ठेवलेत. आणि उत्तर कागदावर दे. जो लुईस विरुद्ध लॅरी होम्स, १५ फेऱ्या, कोण? मी होम्सच्या बाजूनं आहे, त्या जॅबपायी. लुईस म्हणणार असशील तर आधी लिही, १९३६ ला श्मेलिंगनं बाराव्या फेरीत पाडलेला लुईस, की दोन वर्षांनी त्याच श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवणारा?

तुझा,
दिल्या