तुझ्या बाबांच्या ‘नको’बद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तू बाबांना किडनी द्यायला निघालास, त्याच्या तपासण्यांबद्दल चार ओळी आणि ती घ्यायला ते ‘नको’ म्हणतात त्याबद्दल तीन पानं, त्यावरूनच कळलं घोडं कुठे अडलंय ते. ‘त्यांना कसं पटवू?’ असं तू विचारतोस, कारण आईला किडनी देताना मी यातून गेलोय. खरं सांगू? पटवायच्या फंदात पडू नकोस. निदान इतक्यात तरी नाही.

आधी तुझं तुला कळू दे. दात्याचे डॉक्टर आणि रुग्णाचे डॉक्टर वेगळे असायला हवेत. तसे नसतील तर मागून घे. त्यांच्याशी एक भेट एकट्याने होते. घरचं कुणी नाही, दार बंद. कुणाचा दबाव आहे का, पैशांचा किंवा वाटणीचा काही विषय आहे का, किडनी चाललीच नाही तर काय वाटेल, असं सगळं विचारतात. आणि तू मागे फिरलास तर घरच्यांना इतकंच सांगतात की हा दाता म्हणून तपासणीत बसत नाही. कारण सांगत नाहीत. हे ऐकून मला तेव्हा रागच आला होता, मी कशाला मागे फिरेन म्हणून. पण बाहेर आलो आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. परत फिरायची वाट उघडी असताना म्हटलेला ‘हो’ निराळा असतो रे.

आई-वडिलांना किडनी देण्यात एक गोम आहे. शरीर ज्यांवरून आपलं-परकं ओळखतं त्या टिश्यूच्या खुणांचा, म्हणजे एचएलएचा, निम्मा संच आपल्याला आईकडून येतो आणि निम्मा वडिलांकडून. त्यामुळे त्या बाबतीत दोघांशीही निम्मं जुळणं ठरलेलंच. पण आजारही त्याच रक्तातून येतो. बाबांच्या किडन्या मधुमेहाने गेल्या, तेव्हा तुझी उपाशीपोटीची साखर बघून कुणी तुला सोडणार नाही. ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा बघतील आणि मग तुझ्या वयाकडे बघतील. तरुण दाता म्हणजे सुरक्षित दाता असं आपण धरून चालतो, ते तितकं सरळ नाही. साठीतल्या माणसाला जे व्हायचं ते बरंचसं होऊन दिसलेलं असतं. तुझ्यापुढे मधुमेह व्हायला अजून कितीतरी वर्षं पडलीत. त्यांनी नाही म्हटलं तर वाद घालू नकोस. तिथे ते तुझे डॉक्टर असतात, बाबांचे नव्हेत.

आमच्याकडे घोळ वेगळाच झाला. आधी पुढे झाला तो दादा. रक्तगट जुळला, किडन्या ठणठणीत, आणि क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांसमोर ठेवून बघायची चाचणी, पॉझिटिव्ह! म्हणजे आईच्या रक्तात दादाच्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीज आधीपासून तयार होत्या. कशामुळे, तर बाळंतपणामुळे. पोटातल्या बाळाच्या, बापाकडून आलेल्या खुणा आईच्या शरीराला परक्या असतात, आणि काही जणींचं शरीर त्या वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं. दादाला हे फार लागलं. ‘तिच्या रक्तालाच मी नकोय,’ असं एकदा बोलून गेला. मला वडिलांकडून दुसरा निम्मा संच मिळाला होता, त्याच्याविरुद्ध काही सापडलं नाही, म्हणून मी. एवढंच. यात माझं कर्तृत्व शून्य, तरी लोक मला श्रावणबाळ म्हणतात, आणि आईच्या डायलिसिससाठी जो खरा झिजला त्या दादाला कुणी काही म्हणत नाही. तुझी ताई रक्तगटातच बाद झाली ना? तिच्याकडे जरा लक्ष असू दे.

आता बाबा. जिवंत नातेवाइकाची किडनी बसवण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न 1952 च्या नाताळात पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात झाला. एक पोरगा उंचावरून पडला, त्याची फुटलेली किडनी काढली, आणि मग कळलं की त्याला जन्मापासून ती एकच होती. त्याच्या आईने आपली दिली. जेमतेम तीन आठवडे चालली. रिजेक्शन, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारणं, रोखणारी आजची औषधं तेव्हा नव्हती, मुलगा गेला. यश आलं ते 23 डिसेंबर 1954 ला बोस्टनमध्ये, रोनाल्ड हेरिकने आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला किडनी दिली तेव्हा. आदल्या रात्री रिचर्डने त्याला चिठ्ठी पाठवली होती, की तू इथून निघ आणि घरी जा. रोनाल्डने उलट कळवलं, आलोय आणि राहणार. एका गर्भात वाढलेल्या भावाकडून घेतानाही इतकं जड गेलं, मग बापाला किती जाईल! आईने मुलाला दिलं तर ते जगाला रीतसर वाटतं. उलट झालं की आई-बापांना आपण पोराच्या पुढच्या आयुष्यातलं काढून घेतोय असं वाटतं. आणि त्यात काही खोटं नाही, म्हणून समजुतीच्या गोष्टी सांगून ते जात नाही.

माझी आई आमच्या बोलण्याने तयार झालीच नाही. दादा रडला, मावशी ओरडली, मी आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शेवटी तिनेच सांगितलं, मला माझ्या डॉक्टरांशी नाही, याच्या डॉक्टरांशी बोलायचंय. माझी परवानगी घेऊन ते तिला भेटले. तिने काय विचारलं ते मला आजतागायत माहीत नाही. बाहेर आली आणि दोन अटी घातल्या. ही किडनी बंद पडली तर घरातल्या दुसऱ्या कुणी पुढे यायचं नाही. आणि मी तिच्यासाठी काय केलं हे माझ्या मुलांना तिच्यादेखत सांगायचं नाही. तुझ्या बाबांनाही अटी घालू दे. घेणाऱ्याच्या हातात काहीतरी राहायला हवं ना.

ऑपरेशनचं फार लिहीत नाही. दुर्बिणीतून करतात, बहुतेकदा डावी काढतात, कारण डावीची शीर लांब आणि पलीकडे जोडायला सोपी. पोटात भरलेल्या गॅसमुळे नंतर खांदा दुखतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. एक मात्र मनाशी धरून ठेव: त्या मजल्यावर धडधाकट येऊन आजारी पडणारा तू एकटाच असशील. आईच्या चेहऱ्यावर लगेच तजेला आला, मला कुशीवर वळता येईना. येणारा प्रत्येक जण आधी तिच्या खोलीत. त्यात वावगं काही नाही, पण घरी आल्यावर काही आठवडे मन उगाचच खाली गेलं होतं. डॉक्टरांना हे नवीन नव्हतं. तुला झालं तर लाजू नकोस.

आकडे तुला हवेत, म्हणून देतो. किडनी देताना दाता दगावण्याचं प्रमाण 10,000 मागे सुमारे 3 असं बरीच वर्षं सांगत. अमेरिकेतल्या 2013 ते 2022 च्या नोंदींत ते 1 च्याही किंचित खाली आलं. तिथल्याच एका अंदाजाप्रमाणे दात्याची स्वतःची किडनी जन्मात कधीतरी निकामी होण्याची शक्यता 10,000 त 90, आणि तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या माणसाची 14. ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. फरक आहे, लहान आहे, आणि तो तुझ्या वाट्याचा आहे. उरलेली किडनी मोठी होते, काम वाढवते, तरी एकूण क्षमता आधीच्या साधारण 70 टक्क्यांवर स्थिरावते.

यापेक्षा मला अवघड गेलं ते पुढचं. रिजेक्शनच्या गोळ्या ठरल्या वेळी, रोज, किडनी चालेल तोवर. आईची गोळी तासभर पुढे सरकली की माझ्या पोटात गोळा. तिच्या क्रिएटिनीनचा, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट तिच्या आधी मी उघडायचो. मी न बोलता तिच्या ताटाकडे बघायचो, ते तिला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. एकदा हसत म्हणाली, ‘ती आता माझी आहे, तू भाड्याने दिलेली नाहीस.’ मी गप्प. अजूनही रिपोर्ट कधी येणार ते मला पाठ असतं, पण उघडते ती. जिवंत दात्याची किडनी साधारण 15 ते 20 वर्षं चालते म्हणतात. बाबांची कमी चालली, त्यांनी हेळसांड केली, तरी ती त्यांचीच असेल. बंद दाराआडच्या त्या भेटीत स्वतःला विचारायचं असेल तर हेच विचार: त्यांनी एखादी गोळी चुकवली तर माझ्या तोंडून काय निघेल?

पुढच्या आठवड्यात ग्लुकोजची तपासणी म्हणालास. निकाल काहीही येवो, बाबांना सांगण्याआधी एकदा बोलू. आणि डोकेदुखीवरची जी गोळी कायम खिशात असते, ती डॉक्टरांना दाखव. आयबुप्रोफेनच्या जातीची असेल तर एकच किडनी उरल्यावर ती बंदच झाली म्हणून समज.

तुझाच

ता. क. वहिनीचा तुझ्या पत्रात एकदाही उल्लेख नाही. तिलाही डॉक्टरांना काही विचारायचं असेल. पुढच्या भेटीला तिला घेऊन जा.